बावटा लागल्यावर

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की किनाऱ्यावरच्या गावात पहिलं काम सुरू होतं ते फोनाफोनीचं. वाडीतल्या चार घरांत विचारायचं, जेटीवर गेलेल्या भावाला विचारायचं, ग्रामपंचायतीत कुणी काही बोललं का ते विचारायचं. मग मुंबईहून मुलाचा फोन येतो. ‘आई, टीव्हीवर दाखवतायत. तुम्ही दोघं शाळेत जाऊन बसा.’ आई पडवीत उभी राहून माडांकडे बघत म्हणते, ‘अरे, इथे पानसुद्धा हलत नाहीये. बघू संध्याकाळी.’

ही संध्याकाळ फार महागात पडू शकते. वादळ चारशे-पाचशे किलोमीटर दूर असतं तेव्हा किनाऱ्यावर हवा नुसती कोंदट असू शकते, वारा पडलेला असू शकतो. ताशी पंधरा किलोमीटरने सरकणारं वादळ चोवीस तासांत साडेतीनशे किलोमीटर कापतं. पान हलायला लागतं तेव्हा हातात थोडेच तास उरलेले असतात आणि तेही अनेकदा अंधाराचे, पावसाचे, वीज गेल्यानंतरचे.

इशारा ऐकूनही घर न सोडणाऱ्यांना हट्टी म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. एका बातमीवर कुणी घरदार सोडत नाही. माणूस दोन-तीन ठिकाणी खात्री करतो, शेजारी काय करतायत ते बघतो आणि मग हलतो. त्यातही सांगणारा कोण, याला फार महत्त्व असतं. शिवाय घर सोडणं फुकट होत नाही. गोठ्यात गाभण गाय असते, खाडीत होडी असते, जाळ्यांवर कर्ज असतं, अंथरुणाला खिळलेली सासू असते. तेव्हा ‘निघा’ एवढं सांगून भागत नाही. कुणी, कधी, कशाने आणि कुठे निघायचं हे त्या घराने आधीच ठरवलेलं असावं लागतं. बावटा लागल्यावर घरात चर्चा होऊ नये, आधी ठरलेलं काम सुरू व्हावं. हा लेख त्या ठरवण्यासाठी आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्राजवळ घर असलेल्या किंवा गावी आई-वडील असलेल्या प्रत्येकासाठी.

वेळ खरोखर किती मिळतो

अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे मुख्य हंगाम दोन. एक मे-जूनचा, मोसमी पाऊस येण्याच्या आगेमागे. दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा, पाऊस परतल्यावर. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या आणि वरच्या थरांतले वारे इतक्या वेगवेगळ्या दिशांनी वाहतात की वादळाला उभं राहणं कठीण जातं. म्हणून घराची तयारी दोनदा करायची: एप्रिलच्या अखेरीस आणि गणपती गेल्यावर. दुसरी तयारी बहुतेक घरं विसरतात, कारण ‘पाऊस संपला’ असं वाटू लागतं. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलं. दिवाळी होऊन गेली होती, बोटी समुद्रात होत्या आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक खलाशी परतले नाहीत.

निसर्ग वादळाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. २०२० साली १ जूनला समुद्रात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, तयार झालं, २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. डिप्रेशनपासून घरावरचे पत्रे उडेपर्यंत जेमतेम अडीच दिवस. बंगालच्या उपसागरातली अनेक वादळं दुरून येतात, त्यांना वाटेत चार-पाच दिवस लागतात. आपल्याकडे वादळ अनेकदा दाराशीच वाढतं. म्हणून ओडिशाची तयारी जशीच्या तशी उचलून चालणार नाही, आपली तयारी थोड्या तासांत उरकणारी असायला हवी.

मात्र ओडिशाकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा लाखो माणसं आधीच हलवली गेली आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. मधल्या वर्षांत पक्की निवारा केंद्रं बांधली गेली, अंदाज सुधारले. पण तितकंच मोलाचं काम गावातल्या तयार स्वयंसेवकांनी केलं. दार वाजवणारा माणूस ओळखीचा होता आणि कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे हे त्याला माहीत होतं. तुमच्या वाडीत असे दोघे-तिघे आहेत का? नसतील तर ग्रामसभेत एप्रिलमध्येच ही नावं ठरवून घ्या. त्यात एक तरी बाई असू द्या. घरात एकट्या असलेल्या बाईला रात्री शाळेत चला म्हणून सांगायला बाईच गेली तर ती लवकर निघते.

इशारा वाचायचा कसा

हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यांत येतो. पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी. दुसरा टप्पा अलर्टचा, किमान ४८ तास आधी, पिवळ्या रंगाचा. तिसरा वॉर्निंगचा, किमान २४ तास आधी, केशरी. चौथा साधारण १२ तास आधी, लाल, आणि त्यात वादळ जमिनीवर आल्यावर आतल्या जिल्ह्यांत काय होईल तेही असतं. निसर्गसारखं वादळ आलं तर पहिला टप्पा हाताला लागेलच असं नाही. म्हणून आपली कामं पिवळ्यापासून मोजावीत.

पावसाच्या इशाऱ्यालाही हेच रंग असतात आणि इथे गोंधळ होतो. पावसाचा लाल इशारा म्हणजे बहुधा चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाची शक्यता. त्यात वाऱ्याचा उल्लेख असेलच असं नाही. मोबाइलवर नुसता ‘रेड अलर्ट’ आला तर कशाचा, कुठल्या जिल्ह्याला आणि किती वाजता काढलेला, या तीन गोष्टी आधी बघा. पत्रकावर वेळ छापलेली असते. वादळ जवळ आलं की दर तीन तासांनी नवं पत्रक निघतं. सकाळचं पत्रक संध्याकाळी पुढे पाठवणारे कमी नसतात. जुने व्हिडिओ तर प्रत्येक वादळात नव्या नावाने फिरतात.

वाऱ्याचे आकडे असे लक्षात ठेवा. ताशी ६२ ते ८८ किलोमीटरला चक्रीवादळ म्हणतात, ८९ ते ११७ ला तीव्र आणि त्याच्या वर अतितीव्र. पहिल्यात झावळ्या आणि फांद्या पडतात, सैल पत्रे उडतात. दुसऱ्यात माड-पोफळी मोडतात, कौलारू छपरं उघडी पडतात, विजेचे खांब आडवे होतात. पत्रकात ‘झोत’ म्हणून वेगळा आकडा असतो तोच छपरासाठी खरा मानावा, कारण पत्रा झोताने उचकटतो.

नकाशावरची रेघ ही सगळ्यात फसवी गोष्ट. तो वादळाच्या केंद्राचा अंदाजे मार्ग असतो आणि चोवीस तास आधीच्या अंदाजातही सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरची चूक राहते. रेघेच्या दोन्ही बाजूंना दाखवलेला फुगत जाणारा पट्टा त्यासाठीच असतो. तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल तर रेघ तुमच्यावरून जाते असंच समजा. निसर्गच्या आधी सगळी चर्चा मुंबईची चालली होती. मोठा फटका बसला तो श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीला.

रेघेच्या कुठल्या अंगाला आपण आहोत हेही बघावं. आपल्याकडच्या वादळात वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर आलं तर केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांत वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि पाणी घेऊन येतो. उत्तरेकडच्या गावांत तो जमिनीकडून समुद्रात जातो. वादळाचं केंद्र हरिहरेश्वरला लागणार असेल तर अलिबागपेक्षा दापोलीच्या खाड्यांमध्ये पाणी चढण्याचा धोका जास्त. त्याच वेळी भरती असली तर धोका आणखी वाढतो, म्हणून भरतीची वेळ तिथीवरून काढून ठेवा. कोळीवाड्यात ती कुणालाही तोंडपाठ असते.

बावट्यांचंही थोडक्यात. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळी हवा दूर समुद्रात आहे. तीन म्हणजे बंदरातच वादळी वारा येऊ शकतो. चार म्हणजे वादळाचं सावट बंदरावर आहे. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे, आणि अकरा नंबर लागला म्हणजे इशारा केंद्राशी संपर्कच तुटला. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. तीन नंबर पावसाळ्यात वारंवार लागतो, म्हणून त्याची सवय होते. ती सवय चारला लागू करू नका.

‘शेवटी काही झालंच नाही’

इशाऱ्यावर विश्वास कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे न आलेली वादळं. २०१९च्या जूनमध्ये वायू वादळासाठी गुजरातमध्ये सुमारे तीन लाख लोक हलवले आणि वादळ किनाऱ्याजवळून वळून समुद्रातच राहिलं. अशा वेळी शाळेत दोन रात्री काढून आलेला माणूस पुढच्या वेळी नाही म्हणतो. हे समजण्यासारखं आहे. पण ते दोन दिवस वाया गेले असं मी मानणार नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरची चूक गृहीत धरली तर काही वेळा वादळ बाजूने जाणारच. कधी जाईल हे आदल्या रात्री कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे, ‘आलं नाही’ हे बरेचदा खरंही नसतं. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार आपल्या किनाऱ्यापासून दूरच राहिलं आणि पश्चिमेला ओमान-येमेनच्या दिशेने गेलं. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत उधाणाचं पाणी किनाऱ्यावरच्या घरांत शिरलं आणि कापणीला आलेलं, कापून पसरलेलं भात पावसात भिजून कुजलं. ज्याने इशारा ऐकून भात उचललं त्याच्या घरी वर्षाचा तांदूळ आला. २०२३ साली १२ जूनला बिपरजॉय शेकडो किलोमीटर दूर होतं, तीन दिवसांनी ते कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. त्याच्या लाटा मात्र मुंबईपर्यंत पोचल्या होत्या आणि त्याच १२ जूनला जुहूच्या समुद्रात मुलं बुडाली. वादळ दूर असताना लाट बघायला जाणं ही आपल्या शहरातली सगळ्यात वाईट सवय आहे. मुलांना ‘समुद्रावर जाऊ नका’ सांगून ती ऐकत नाहीत. त्या दोन-तीन दिवसांत त्यांच्यासोबत कुणीतरी मोठं माणूस असावं, इतकं सोपं आणि इतकंच अवघड आहे हे.

पिवळा, केशरी, लाल

आता घरातली कामं. एक कागद घ्या, त्यावर तीन रंग लिहा आणि प्रत्येकापुढे काम आणि माणसाचं नाव. कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा.

पिवळ्याला सुरुवात पाण्यापासून करा. वीज गेल्यावर किनाऱ्यावरच्या घराचे सगळ्यात मोठे हाल पाण्याने होतात. निसर्गनंतर कित्येक गावं आठवड्यांमागून आठवडे विजेविना होती. विहिरी काठोकाठ भरलेल्या, पण पंप बंद. पोहरा आणि दोर ज्यांनी पंप बसवल्यावर भंगारात टाकला होता त्यांना पाण्यासाठी ज्याच्याकडे होता त्याच्या दारात उभं राहावं लागलं. तेव्हा आजच माळ्यावर बघा. पोहरा आहे का, त्याचं बूड गळतं का, दोर कुजलाय का, रहाटाची कप्पी फिरते का. नसेल तर तालुक्याच्या बाजारातून आणा, खर्च फार नाही. विहिरीवर जाळी असेल तर पोहरा जाण्याइतकी ती उघडते ना, तेही बघा. पिवळा इशारा आला की टाकी, पिंप, कळशा, सगळं भरून घ्या.

मग गिरणी. वीज गेली की दळण बंद. तांदळाचं आणि भाकरीचं पीठ पंधरा दिवसांचं दळून आणा. पेट्रोल पंपही विजेवर चालतो आणि एटीएमही, म्हणून गाडीची टाकी भरा आणि थोडे पैसे रोख हातात ठेवा, शंभरा-पन्नासाच्या नोटांत. दुसरा सिलिंडर भरलेला असावा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पंधरा-वीस दिवसांच्या. इन्सुलिन घेणारं कुणी घरात असेल तर फ्रीज बंद पडल्यावर ते कसं ठेवायचं हे डॉक्टरांना आधीच विचारा. वापरात असलेली बाटली सहसा गार, सावलीच्या जागी काही आठवडे टिकते, न उघडलेल्या बाटल्यांचं काय करायचं ते त्यांच्याकडून कळेल. सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. मोबाइलचा टॉवर पडला की आकाशवाणीच उरते.

कोयता, करवत आणि दोरखंड एकत्र, हाताशी. वादळानंतर पहिली गरज रस्त्यावरचं झाड तोडण्याची असते आणि तोडायचं हत्यार तेव्हा कुठल्या तरी पडलेल्या मांगराखाली असतं.

आणि मोबाइल घेऊन एकदा घराभोवती फिरा. छपराचे, भिंतींचे, गोठ्याचे फोटो काढा. बागेत जाऊन माड, पोफळी, आंबे मोजून कागदावर लिहा आणि बागेचेही फोटो घ्या. आपल्याकडची बाग गुंठ्यांतली असते, एकाच जागेत माडाखाली पोफळ आणि पोफळीवर मिरवेल. क्षेत्रावर भरपाई काढली तर हाती काहीच येत नाही, झाडं मोजलेली असली तर निदान भांडता येतं. सात-बारा, आधार, पासबुक, विम्याचे कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून एका डब्यात ठेवा, त्यांचे फोटो मुंबईच्या मुलाकडे पाठवून द्या.

केशरीला माणसं हलायला लागली पाहिजेत, सगळी नव्हे. दिवस भरत आलेली बाई तालुक्याच्या गावी, रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे जावी. रस्त्यावर झाडं पडली की रुग्णवाहिका येत नाही. डायलिसिसवर असलेला माणूस, ऑक्सिजन लागणारा माणूस, हेही तेव्हाच. अंथरुणावरचं म्हातारं माणूस उजेड असताना आणि पाऊस नसताना हलवा. ते बहुधा म्हणतं, ‘मला इथेच राहू दे, मी काय आता…’ वाद घालू नका. कुणाच्या घरी जायचं आहे, तिथे संडास कुठे आहे, सोबत कोण झोपणार आहे, एवढं सांगा. अनेकदा नकाराच्या मागे संडासाचीच काळजी असते.

जायचं कुठे हा प्रश्न आधीच सोडवा. सगळे शाळेचं नाव घेतात. शाळेचं छप्पर पत्र्याचं किंवा कौलांचं असेल तर ती निवारा नव्हे. एप्रिलमध्ये जाऊन बघा. वाडीत दोन-तीन स्लॅबची घरं असतात, त्यांतली किती मुंबईकरांची कुलूपबंद आहेत? त्या मालकांना फोन करून किल्ली वाडीत एका घरी ठेवायला सांगा. गणपती-शिमग्याला येणारा चाकरमानी गावासाठी याहून मोठं काम क्वचितच करू शकेल. घर माडाखाली नसावं, खाडीच्या काठी नसावं आणि दरडीच्या पायथ्याशीही नसावं.

छपराचं काम केशरीलाच संपवायचं. पत्रे तारेने किंवा दोरखंडाने वाशांना बांधा. पत्र्यांवर ठेवलेले सुटे दगड काढून टाका, झोतात तेच खाली येतात. वाळूची पोती ठेवली तर ती बांधून ठेवा. अंगणातली सुकी लाकडं, रिकामी पिंपं, तुळशीजवळची सुटी कौलं, सायकली, सगळं आत. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुक्या झावळ्या तर मे महिन्यातच उतरवून घ्यायला हव्यात.

गुरांना पक्क्या, मोकळ्या जागी न्या. ते जमत नसेल तर दावी सोडून द्या. बांधलेलं जनावर कोसळणाऱ्या गोठ्यातून पळू शकत नाही. दावी सोडायचं काम कुणाचं, हे कागदावर नावासकट लिहा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सोडली असतील.

लाल म्हणजे कुणी बाहेर नाही. विजेचा मुख्य खटका आणि गॅस बंद. खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत बसा. मध्येच वारा एकदम थांबला, आभाळ उजळलं, तर दार उघडू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल तर अर्धा-पाऊण तास अशी शांतता असू शकते आणि मग वारा उलट्या दिशेने येतो. पहिल्या वाऱ्याने सैल झालेली झाडं तेव्हा पडतात.

समुद्रावर असलेल्यांसाठी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने जूनमधल्या वादळांत बहुतेक बोटी वर ओढलेल्या असतात. प्रश्न येतो मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिथे निर्णय तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या हातात असतो आणि तांडेलाच्या डोक्यावर डिझेल-बर्फाचा खर्च. एक फेरी अर्धवट सोडली तर तो खर्च अंगावर पडतो. म्हणून मालक, तांडेल आणि खलाशी यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवावं: अलर्ट आला की बोट परत फिरणार आणि खर्च कसा वाटून घेणार. जवळचं बंदर कुठलं तेही. २०१७च्या डिसेंबरात ओखीच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ जणांना घेऊन सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. घरचंच बंदर गाठायचं असा हट्ट न धरता मिळेल त्या आसऱ्याला गेल्याने ती माणसं वाचली. उलट मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वेळी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच राहिली आणि बुडाली. नौदलाने बहुतेकांना वाचवलं, तरी सत्तरहून अधिक जीव गेले. इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

किनाऱ्यापासून लांब असलेल्यांनाही

वादळ म्हणजे कोकणचा प्रश्न, असं मराठवाड्यात वाटणं साहजिक आहे. २६ सप्टेंबर २०२१ला गुलाब वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं आणि दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या पावसाने बीड, लातूर, उस्मानाबादेत नद्या पात्राबाहेर गेल्या, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तेव्हा सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातल्या वादळाची बातमी दिसली तर काढलेलं सोयाबीन उंचावर हलवा, नदीकाठची मोटार वर ओढा, आणि धरणाखालच्या गावांनी रात्री कुणीतरी जागं राहील अशी पाळी लावा.

वारा थांबल्यानंतर

वादळ गेल्यावर धोका संपत नाही. लोक सगळ्यात आधी छपरावर चढतात, ओल्या, शेवाळलेल्या, तडकलेल्या सिमेंटच्या पत्र्यांवर. पत्रा फुटतो आणि माणूस खाली येतो. पहिले दोन दिवस ताडपत्रीवर काढा, चढायचंच तर वाशावर फळी टाकून, कमरेला दोर बांधून. पडलेल्या तारेला हात लावू नका, वीज नाही म्हणून ती मेलेली आहे असं समजू नका. कुणाचा जनरेटर सुरू झाला की तारेत प्रवाह उलटा येऊ शकतो. जनरेटर बंद खोलीत किंवा पडवीत लावू नका, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो. विहिरीचं पाणी उकळून प्या. कौलांच्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने हलवा, साप तिथेच आसरा घेतात.

मुंबई-पुण्यात असलेल्यांनी सतत फोन लावू नये. गावातल्या फोनची बॅटरी हीच तिथली शिदोरी असते. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक फोन, तोही वाडीतल्या एकाच घरी, आणि त्याने सगळ्यांची खुशाली कळवावी. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीच्या मदतीला ११२. गावाकडे निघणार असाल तर रस्ता मोकळा झाल्याची खात्री करा आणि बिस्किटांच्या पुड्यांऐवजी ताडपत्री, मेणबत्त्या, सेल, करवतीची पाती, पत्र्याचे खिळे आणि हुक घेऊन जा. निसर्गनंतर तालुक्याच्या बाजारात पत्रे मिळेनासे झाले होते आणि मिळाले त्यांचे भाव चढे होते.

पडलेलं आवरण्याआधी पुन्हा एकदा सगळ्याचे फोटो घ्या. आंब्याचं झाड उन्मळलं असेल तर तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याशी उभं राहून, मागे घर दिसेल असा. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतील तेव्हा घरातलं जाणतं माणूस हजर असू द्या, आधी लिहून ठेवलेली झाडांची यादी त्यांच्या हातात द्या आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यातला आकडा स्वतः वाचून बघा. चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करायला लावा, नंतर तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात.